दोनाचे घर कुठे?

दिवाळीची साफसफाई म्हणजे काय, हे लोणावळ्याच्या माणसाला विचारावे. पुण्या-मुंबईची मंडळी धूळ झाडतात. आम्ही बुरशी पुसतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि दसऱ्याचे पहिले स्वच्छ ऊन पडले की घरोघरच्या गाद्या, ट्रंका, लोणच्याच्या बरण्या आणि म्हातारी माणसे अंगणात वाळत पडतात. यंदा आमच्या माळ्यावरची जुनी पत्र्याची ट्रंक खाली आली, आणि तिच्या तळाशी एका चामडी म्यानात माझी स्लाइड रूल सापडली.

दर आठवड्याला या पानावर मी गावगप्पा लिहितो. त्यात गणित कधी आले नाही, आणि ते येऊ नये अशीच बहुतेक वाचकांची इच्छा असणार. पण दिवाळी अंकात जागा ऐसपैस असते, फराळामुळे वाचकही जरा उदार झालेले असतात, म्हणून यंदा थोडे गणित खपवून घ्यावे. बेरीज आणि गुणाकार येत असले म्हणजे पुरे. त्याच्या शेवटी एक कबुलीजबाबही आहे.

ज्यांनी स्लाइड रूल पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिसायला ती जाडजूड फूटपट्टीच. तिच्या मध्यभागी एक खाच असते, आणि त्या खाचेत दुसरी अरुंद पट्टी डावी-उजवीकडे सरकते. वरून काचेचा एक सरकता तुकडा बसवलेला असतो. त्यावर केसाएवढी बारीक उभी रेघ. त्याला आम्ही कर्सर म्हणत असू. माझी पट्टी जपानी, आतून बांबूची आणि वरून पांढऱ्या सेल्युलॉइडची. १९७२ साली अमेरिकेत खिशात मावणारे शास्त्रीय कॅल्क्युलेटर निघाले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांतच जगभरचे स्लाइड रूलचे कारखाने थंडावले. त्याआधी मात्र इंजिनियर म्हटला की त्याच्या खिशात ही पट्टी असायचीच. डॉक्टरच्या गळ्यात नळी असावी तशी.

आमची पट्टी पावसाने फुगून गच्च बसली होती. दोन दिवस ती उन्हात ठेवली, खाचेत थोडी टाल्कम पावडर घातली, तेव्हा मधली पट्टी कुरकुरत हलू लागली. सोबतची माहितीपुस्तिका मात्र कसरीने निम्मी खाल्ली होती, आणि उरलेली निम्मी जर्मन भाषेतली होती.

सुटीला आलेली नात हे सगळे पाहत होती. वय वर्षे तेरा. तिने पट्टी हातात घेतली आणि विचारले, “आजोबा, ह्याने काय करतात?”

“गुणाकार, भागाकार, वर्गमूळ. आमची सगळी नोकरी हिच्यावर झाली.”

“करून दाखवा ना. दोन गुणिले तीन.”

वाचकहो, इथे माझी त्रेधा उडाली. पट्टी हातात घेतली आणि लक्षात आले की आपल्याला काहीही आठवत नाही. कुठला आकडा कशासमोर धरायचा, उत्तर वरच्या पट्टीवर वाचायचे की खालच्या, सगळे पुसले गेले होते. गेले वर्षभर माझे असे होते आहे. शेजाऱ्यांची नावे ओठांवर येऊन थांबतात. परवा देवळातून परतताना नेहमीचे वळण चुकलो. घरात कुणी बोलत नाही, पण आमच्या मंडळींनी माझ्या औषधांच्या डबीवर वारांची नावे लिहून ठेवली आहेत, ती मी पाहिली आहेत. त्यामुळे “विसरलो” हा साधा शब्द नातीपुढे उच्चारताना माझ्या घशात अडकला.

पण तिने लगेच दुसरा प्रश्न केला, आणि तो पहिल्याहून अवघड निघाला. “कसं करायचं ते विसरलात, ठीक आहे. पण का होतं ते सांगा. लाकडाला गुणाकार कसा येतो?”

याचे उत्तर मी विसरलो नव्हतो. ते मला कधी ठाऊकच नव्हते. कोर्सला असताना मास्तरांनी नियम सांगितले, आम्ही ते पाठ केले, आणि पुढे बोटांना सवय झाली. का, असे विचारायची वेळही नव्हती आणि हिंमतही नव्हती. मग मी तिला म्हटले, “बाळ, मलाही ठाऊक नाही. बस, दोघे मिळून शोधू.” आणि असे म्हटल्याबरोबर छातीवरचे ओझे निम्मे झाले.

तिच्या दप्तरात एक फूटपट्टी होती, माझ्या टेबलावर दुसरी. प्रथम त्याच घेतल्या. एकीच्या ३ या खुणेसमोर दुसरीचा शून्य धरला आणि दुसरीवर ४ पर्यंत गेलो, तर पहिलीवर ७ आले. म्हणजे दोन फूटपट्ट्या शेजारी शेजारी सरकवल्या की बेरीज होते. तीन बोटे लांबी अधिक चार बोटे लांबी म्हणजे सात बोटे. याला काही शास्त्र लागत नाही; शिंपीसुद्धा हेच करतो.

आता आमची पट्टी. तिच्यावर शून्य नाहीच. सुरुवातच १ पासून, आणि शेवट १० वर. मधल्या पट्टीचा १ मी खालच्या पट्टीच्या २ वर आणला, आणि नात ओरडली, “आजोबा, तीनच्या खाली सहा आहेत! चारच्या खाली आठ!” बेचा पाढा सबंध मांडून ठेवलेला होता. हात आपोआप बरोबर जागी गेला की निव्वळ योगायोग, हे देव जाणे.

म्हणजे लाकूड बेरीजच करत होते, लांबीत लांबी मिळवत होते. पण आकडे असे काही मांडले होते की लांबीची बेरीज झाली की आकड्यांचा गुणाकार व्हावा. सगळी जादू खुणा मारणाऱ्याची. १ पासून २ पर्यंत चार बोटे अंतर, आणि ९ पासून १० पर्यंत जेमतेम एक बोट. घाट उतरणाऱ्याची पावले सुरुवातीला लांब पडावीत आणि थकल्यावर जवळ जवळ यावीत, तसे ते आकडे पुढे पुढे दाटत गेले होते.

“पण दोनाचं घर इथेच का?” नातीने २ वर बोट ठेवून विचारले. “जरा पलीकडे का नाही?”

त्या दिवशी रात्री मला झोप लागली नाही. अंथरुणात पडून मी फक्त एवढाच विचार करत होतो की दोनाचे घर कुठे असावे. फार वर्षांनी डोके अशा कामाला लागले होते, आणि खरे सांगतो, बरे वाटत होते.

पहाटे उत्तर सापडले, ते तांदळाच्या दाण्यांमुळे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत जाणाऱ्या हुशार माणसाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. आम्ही मावळातली माणसे भातावर पोसलेली. इंद्रायणी तांदूळ तर वडगावच्या संशोधन केंद्रातच जन्मला. तेव्हा दाणेच आठवणार. एकापासून निघून दहा वेळा दुप्पट केली की किती होतात? १,०२४. म्हणजे हजार, आणि वर चोवीस. आणि हजार म्हणजे काय? एकाला तीन वेळा दसपट केले की हजार. तर दहा वेळची दुप्पट ही तीन वेळच्या दसपटीइतकीच, अगदी थोडी अधिक.

मी उठून दिवा लावला. पट्टीवर १ ते १० हे अंतर मोजले. ते २५ सेंटिमीटर, म्हणजे २५० मिलिमीटर होते. ही झाली एका दसपटीची लांबी. तीन दसपटी म्हणजे ७५० मिलिमीटर. तेवढ्यात दहा दुपटी बसायला हव्यात. म्हणून एक दुप्पट म्हणजे ७५ मिलिमीटर. दोनाचे घर एकापासून ७५ मिलिमीटरांवर! फूटपट्टी लावून पाहिली. खूण ७५ च्या किंचित पुढे होती, पाव मिलिमीटरभर. ते वरच्या चोवीस दाण्यांचे देणे.

मी नातीला हाक मारून उठवले. सकाळी साडेपाचला उठवल्याबद्दल घरातून जी बोलणी खावी लागली ती इथे छापण्यासारखी नाहीत.

मग आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापल्या आणि आपली स्वतःची स्लाइड रूल करायला बसलो. छापील पट्टीकडे पाहायचे नाही, असा करार केला. दोन मिळाले की पुष्कळ मिळते. चार म्हणजे दोनदा दुप्पट, तेव्हा १५० वर. आठ म्हणजे तीनदा, २२५ वर. पाच म्हणजे दहाचे निम्मे, म्हणून २५० मधून ७५ मागे यायचे, १७५ वर.

तीन जरा अडले. मग तिलाच सुचले, “आजोबा, तीन चार वेळा गुणले की एक्याऐंशी होतात. एक्याऐंशी म्हणजे जवळजवळ ऐंशी. आणि ऐंशी म्हणजे आठ दाहे.” आठाची लांबी २२५, दसपटीची २५०, मिळून ४७५. तिचे चार भाग केले की तीनाचे घर ११९ च्या किंचित अलीकडे. तीन आणि दोन मिळून सहा. तीन आणि तीन मिळून नऊ. राहिले सात. सात साते एकोणपन्नास, जवळजवळ पन्नास. पन्नासाची लांबी १७५ अधिक २५०, म्हणजे ४२५. तिचे निम्मे दोनशे साडेबारा.

छापील पट्टीशी ताडून पाहिले. दोन आणि पाच जवळजवळ चपखल. चार अर्धा मिलिमीटर, तर आठ पाऊण मिलिमीटर मागे राहिला. तीन अर्धा मिलिमीटर चुकला. सात मात्र सव्वा मिलिमीटर पुढे गेला होता. मला तेवढ्यावर समाधान होते, पण पोरीला नव्हते. तिने आपला मोबाइल काढून सातांचे गुणाकार करून पाहिले, आणि पाच मिनिटांत शोधले की सात चार वेळा गुणले की २,४०१ होतात, आणि २,४०० म्हणजे तीन गुणिले आठ गुणिले शंभर. त्या हिशेबाने सात २११ मिलिमीटरांवर आला, आणि चूक जवळजवळ मिटली. म्हणजे शेजारी जितका जवळचा, तितके घर अचूक. नव्या यंत्राने जुन्या यंत्राला हात दिला, याचे मला कौतुक वाटले.

मग दोन्ही पुठ्ठे जोडून सात साते केले. उत्तर पाचाच्या किंचित अलीकडे आले, म्हणजे चार पूर्णांक नऊ. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांना गुणाकार यायला लागला होता.

आमची मंडळी स्वयंपाकघरातून हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “गुणाकारासाठी एवढा पसारा? मला विचारा. सात औट साडेचोवीस.” त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, सगळे रोज संध्याकाळी म्हणावे लागे. औट म्हणजे साडेतीन, हे आताच्या मुलांना सांगावे लागते. मी पट्टीचा १ साडेतीनवर ठेवला. दोनाखाली सात आले. पण तीन बाहेर गेला. पट्टी संपली. मग मधल्या पट्टीचे दुसरे टोक, म्हणजे १०, साडेतीनवर आणले. आता तीनाखाली १.०५, चाराखाली १.४, साताखाली २.४५. सबंध औटकी एका ओळीत मांडलेली. फक्त साडेदहाच्या जागी १.०५ आणि साडेचोवीसच्या जागी २.४५. पट्टी आकडे सांगत होती. टिंब कुठे द्यायचे ते सांगत नव्हती.

ते टिंबाचे प्रकरण पुढे येणारच आहे. तत्पूर्वी या पट्टीच्या जन्माविषयी थोडे सांगतो. गुणाकाराची बेरीज करून टाकण्याची युक्ती स्कॉटलंडातल्या जॉन नेपियर या जमीनदाराने १६१४ साली प्रसिद्ध केली, शिवरायांच्या जन्माच्या सोळा वर्षे आधी. आकड्यांच्या या लांब्यांना त्याने लॉगरिथम असे नाव दिले. हेन्री ब्रिग्ज नावाचा लंडनचा प्राध्यापक त्याला भेटायला एडिंबरोपर्यंत गेला, आणि दहाच्या पटीवर आधारलेली कोष्टके पुढे त्याने तयार केली. मग एडमंड गंटर याने त्या लांब्या लाकडावर आखल्या. तो कंपासाने अंतरे मोजून मिळवी. विल्यम ऑट्रेड नावाच्या पाद्र्याच्या लक्षात आले की कंपास कशाला हवा, अशा दोन पट्ट्या शेजारी सरकवल्या की झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मॅनहाइम या फ्रेंच तोफखान्याच्या अधिकाऱ्याने आज आपण पाहतो ती मांडणी रूढ केली. नेपियरची वीस वर्षांची मेहनत आम्ही तांदळाचे दाणे मोजून एका सकाळीत उरकली असे कुणी समजू नये. त्याने वाट पाडली होती. आम्ही फक्त ती असणार हे ठाऊक असल्यामुळे शोधू शकलो.

आता टिंब. दुपारी नात म्हणाली, “खरं काहीतरी करू या. इथलं.” लोणावळ्यात खऱ्या आकड्यांना तोटा नाही. आम्ही प्रथम बोरघाट घेतला. घाटातल्या रेल्वेचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली गाडी वर आली. जुन्या नोंदींप्रमाणे घाटाची लांबी १५ मैल ६८ साखळ्या, आणि चढ १,८३१ फूट. ऐंशी साखळ्यांचा मैल, आणि मैलाचे ५,२८० फूट. म्हणजे लांबी ८३,६८८ फूट. तर सरासरी किती फूट चालल्यावर एक फूट चढायचे?

पट्टीला ८३,६८८ कळत नाही. तिला कळते ८३७. पहिले तीन आकडे ती मानते, बाकीचे सोडून देते. खालच्या पट्टीच्या ८.३७ वर मधल्या पट्टीचा १.८३ आणला, आणि १ च्या खाली वाचले: ४.५७. आता ते चार पूर्णांक सत्तावन्न, की पंचेचाळीस पूर्णांक सात, की चारशे सत्तावन्न? नात माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटले, “पट्टीला विचारू नकोस. घाटाला विचार. चार फुटांना एक फूट चढ म्हणजे जिना झाला. त्यावर आगगाडी चढेल का? आणि चारशे फुटांना एक फूट म्हणजे सपाट मैदान. मग घाट कशाला म्हणायचे?” ती लगेच म्हणाली, “शेचाळीस फुटांना एक.” बरोबर. ही सरासरी, सर्वांत उभा चढ ३७ फुटांना एक आहे, आणि म्हणूनच गाडीला मागून इंजिने लावावी लागतात.

मग आम्ही खोपोलीला उतरलो. वळवण, शिरवटा आणि लोणावळा या तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली सोडून टाटांच्या कंपनीने १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. त्या काळी अशा कामांवर जगात सगळीकडे इंजिनियरांचा हिशेब चाले तो या पट्टीवरच. पाण्याची उडी पाचशे मीटरांच्या वर आहे. आम्ही सोयीसाठी ५०० धरली. दर सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे हजार किलो पाणी पाचशे मीटर पडले, तर त्यातून ४,९०० किलोवॉट मिळायला हवेत. खोपोलीच्या वीजघराची आजची क्षमता ७२ मेगावॉट, म्हणजे ७२,००० किलोवॉट. तर पाणी किती लागेल? पट्टी म्हणाली, १-४-७. दीड घनमीटर म्हणजे सेकंदाला दीड हजार लिटर. एवढ्यावर तर फक्त सात मेगावॉट. दीडशे घनमीटर म्हणजे पुरातली नदी. म्हणून पंधराच्या जरा आत. यंत्रातली गळती धरली तर थोडे अधिक. आमच्या अंगणातल्या पाण्याच्या टाकीसारख्या पंधरा टाक्या दर सेकंदाला घाटाखाली कोसळत आहेत, असे चित्र डोळ्यांपुढे आले आणि पोरगी गप्प झाली.

“पण आजोबा,” ती थोड्या वेळाने म्हणाली, “असं अंदाजाने टिंब द्यायचं? त्याला नियम नव्हता का?”

नियम होता. आम्ही तो पाठ केला होता. गुणाकार करताना मधली पट्टी डावीकडे बाहेर आली, तर दोन्ही संख्यांतल्या अंकांची बेरीज म्हणजे उत्तरातले अंक. उजवीकडे बाहेर आली, तर त्या बेरजेतून एक कमी. हाच तो नियम, आणि मी सुरुवातीला म्हटलेला कबुलीजबाब याच नियमाचा आहे.

१९७० च्या सुमारास मी नवा ओव्हरसियर होतो. मावळातल्या एका गावी नाल्यावर छोटा बंधारा बांधायचा होता. काँक्रीट २४ घनमीटर, आणि घनमीटराला सिमेंटच्या ६.३ गोण्या. पट्टीवर १-५-१ आले. मधली पट्टी डावीकडे बाहेर आली होती. चोविसाचे दोन अंक, सहाचा एक, बेरीज तीन, म्हणजे १५१ गोण्या. पण माझ्या डोक्यात डावे-उजवे उलटसुलट झाले. मी एक वजा केला, आणि पंधरा गोण्यांची मागणी लिहून पाठवली. कुणाला शंका आली नाही. मी पट्टीवाला होतो.

गोण्या आल्या त्या दिवशी आमचा मुकादम त्यांच्याकडे पाहत उभा राहिला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. तो म्हणाला, “सायेब, पंधरा गोण्या? एवढ्यात गोठ्याचा कोबा हुईल. बांध न्हाई व्हायचा.” मी पट्टी काढून पुन्हा पाहिले, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. दुसरी मागणी त्याच दिवशी पाठवली. पण त्या काळी सिमेंट नियंत्रणाखाली होते. परवाना, पत्रे, फेऱ्या. बाकीच्या गोण्या येईपर्यंत मृग लागला. मावळातला पाऊस कुणासाठी थांबत नाही. भिंत कमरेइतकी राहिली आणि काम दिवाळीनंतरवर गेले. त्या वर्षी नाल्याचे पाणी अडले नाही. ते सगळे वाहून इंद्रायणीला मिळाले. गावातल्या ज्या लोकांनी बंधाऱ्याच्या भरवशावर हरभऱ्याचे बी राखून ठेवले होते, त्यांनी ते खाऊन टाकले.

लोक विचारायला आले तेव्हा मी म्हणालो, “सिमेंट वेळेवर आले नाही.” हे खोटे नव्हते. खरेही नव्हते. मुकादमाला खरे ठाऊक होते. तो माझ्या शेजारीच उभा होता, आणि काही बोलला नाही. पन्नासांहून अधिक वर्षे झाली. नावे विसरतो, वळणे चुकतो, पण त्या माणसाचे ते न बोलणे मी विसरलेलो नाही. घरातही ही गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. त्या दुपारी नातीला सांगितली. आमची मंडळी दारात येऊन उभी राहिली होती, हे मला नंतर दिसले.

नात बराच वेळ पुठ्ठ्याच्या पट्ट्यांशी खेळत बसली. मग म्हणाली, “आजोबा, तुमचा नियम पाठ करायची गरजच नव्हती. बघा ना.” तिने २.४ आणि ६.३ यांच्या लांब्या एकापुढे एक ठेवल्या. दुसरी लांबी दहाच्या खुणेच्या पलीकडे गेली. “उत्तर दहाच्या घराबाहेर जातं, म्हणून तर पट्टी मागे, डावीकडे ओढून आणावी लागते. म्हणजे एक दसपट जास्त झाली. म्हणून एक अंक जास्त. उजवीकडे राहिली तर दहा ओलांडलेच नाहीत.” एवढेच होते. मला चाळिसेक विद्यार्थ्यांच्या वर्गात कुणी एवढे सांगितले असते, किंवा मी विचारले असते, तर एका गावाचा हरभरा वाचला असता. आणि मुकादमाने तर यातले काहीच न शिकता, भिंतीकडे आणि गोण्यांकडे पाहून, टिंब बरोबर जागी दिले होते.

या वयात एक भीती मनात घर करून असते, की एकेक वस्तू हातातून सुटत जाईल. ती भीती गेलेली नाही. पण या चार दिवसांत एक फरक मला कळला. पाठ केलेले सुटले की सुटले. त्याच्या मागे काही नसते. समजलेले सुटले तर ते पुन्हा बांधता येते, हाताशी तांदळाचे चार दाणे आणि विचारणारे माणूस असले म्हणजे. अर्थात पाठांतराला मी नावे ठेवणार नाही. औटकी अजून आमच्या घरात कुणाला येते ते मी वर लिहिलेच आहे, आणि मला याच घरात जेवायचे आहे.

बांबूची पट्टी मी नातीला देऊ केली. तिने ती घेतली नाही. तिला पुठ्ठ्याचीच हवी आहे. भाऊबीज झाली की आम्ही दोघे त्या गावी जाणार आहोत. बंधारा अजून उभा आहे, आणि या दिवसांत त्यात पाणी असते.